ताटात बाराच वाट्या

आशालताबाईंच्या हॉलमध्ये त्या रविवारी दोन पक्ष समोरासमोर बसले होते, आणि दावा दोघांचाही एकच होता: सुधाकररावांच्या मनात काय होतं ते फक्त आम्हाला कळलंय. सुधाकरराव स्वतः भिंतीवर होते, चंदनाचा हार घालून, त्यामुळे त्यांना विचारायची सोय नव्हती. ज्यांना विचारता आलं असतं त्या आशालताबाई स्वयंपाकघरात बटाटेवडे तळत होत्या. पण त्यांना कोण विचारतंय! बायकोला नवऱ्याच्या मनातलं काय कळणार, चाळीस वर्षंच तर झाला होता संसार.

भांडण होतं ताटावरून. आता हे ताट म्हणजे काय ते एका पक्षाचा म्होरक्या शंतनू सांगायला बसला तर दिवस मावळेल, म्हणून इथेच उरकून घेऊ. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, बोलिंग क्लबात जातात, नातवंडांना पोहायला नेतात. सुधाकररावांनी वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटमधल्या राहत्या घरी नाणं पाडलं. हातात धरायचं नव्हे, कॉम्प्युटरमधलं, क्रिप्टो म्हणतात तसलं. मात्र याच्यावर कुणी श्रीमंत व्हायचं नाही हा त्यांचा पहिला नियम. आपल्या लोकांनी एकमेकांची कामं करायची, कुणाला एअरपोर्टला सोडायचं, कुणाचं पोर सांभाळायचं, कुणाला पुरणपोळ्या करून द्यायच्या, आणि बदल्यात हे नाणं घ्यायचं. नाव ठेवलं वाटी. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तशी ही वाटी या फोनवरून त्या फोनवर जायची, सोबत कामाचा निरोप घेऊन.

सात घरांत सात कॉम्प्युटर लावले होते. प्रत्येकात सगळ्यांचा सगळा व्यवहार, म्हणजे एकाने लबाडी केली तर बाकीचे सहा पकडणार. मालक कुणीच नाही आणि सगळेच मालक, आपल्या मंडळासारखं. दर दहा मिनिटांनी एक ताट निघायचं आणि तेवढ्यात ज्यांनी वाट्या पाठवल्या असतील त्या ताटात बसून पोचत्या व्हायच्या. फक्त एका ताटात बाराच देवघेवी मावायच्या. तेरावी आली की ती रांगेत, आणि रांगेतून कुणाचा नंबर कधी लागेल हे नशिबावर. मोजकी घरं होती तोवर बारा म्हणजे चैन होती. आता वेलिंग्टनपासून पोरिरुआपर्यंत आपली माणसं वाट्या पाठवू लागली, आणि सणासुदीला ती रांग काही केल्या हलेना.

हलेना म्हणजे किती? तर पाडव्याच्या दिवशी बाळासाहेब पोरिरुआ स्टेशनवर अर्धी दुपार कुडकुडत उभे राहिले.

बाळासाहेब म्हणजे अबोलीचे वडील. अबोली हॉस्पिटलात नर्स, आशालताबाईंच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायची. बाळासाहेब जिल्हा परिषदेतून निवृत्त होऊन, आणि बायको गेल्यावर साताऱ्याचं घर खायला उठतं म्हणून, लेकीकडे सहा महिन्यांसाठी आले होते. पाडव्याला वेलिंग्टन बघायला गेले आणि येताना दुसऱ्याच गाडीत बसले. पाटी वाचायची नाही आणि कुणाला विचारायचं नाही, हा त्यांचा बाणा. पोरिरुआला उतरून लेकीला फोन केला. लेक ड्युटीवर. तिने दोन पेशंटच्या मध्ये घाईघाईने दोन वाट्या लावून सगळ्यांसाठी निरोप टाकला, 'बाबांना पोरिरुआ स्टेशनवरून कुणी घ्याल का', आणि फोन लॉकरमध्ये ठेवून वॉर्डात गेली. स्टेशनपासून पाच मिनिटांवर आशालताबाईंची मैत्रीण मंदा राहते, ती घरीच होती, श्रीखंड फेटत होती. पण निरोप तिच्यापर्यंत पोचायचा तर आधी तो ताटात बसायला हवा, आणि ताटं सगळी भरून चाललेली! इकडे दक्षिणेचा बर्फगार वारा सुटला. बाळासाहेबांच्या अंगात सुती सदरा, पायात जावयाच्या जँडल्स म्हणजे रबरी चपला, फोनची बॅटरी संपलेली. शेवटी समोरच्या डेरीतल्या, म्हणजे इथल्या किराणा दुकानातल्या, बाई 'किया ओरा' असा माओरी नमस्कार करत आल्या, त्यांनी आत नेऊन बसवलं, चहा दिला, खांद्यावर ब्लँकेट टाकलं.

"ओळख ना पाळख, त्या बाईनं मला चहा पाजला," बाळासाहेब तेव्हापासून दिसेल त्याला सांगत होते. "आणि आपली माणसं? आपली माणसं ताटात!"

त्यानंतर त्यांना सडकून ताप आला, आणि वाटीवाल्या लोकांत यादवी पेटली.

एका बाजूला शंतनू. सरकारी खात्यात आयटीत मोठ्या पगारावर, बोलताना दोन्ही हात हलवणारा. त्याचं म्हणणं सरळ होतं, ताट मोठं करा. बाराच्या जागी शंभर. विषय संपला. दुसऱ्या बाजूला यतीन. हाही आयटीतलाच, शंतनूचा कॉलेजपासूनचा मित्र, म्हणजे भांडण किती विकोपाला जाणार याची खात्रीच. त्याचं म्हणणं, ताटाला हात लावायचा नाही. किरकोळ देवघेव दोघांनी आपापसात मांडून ठेवावी आणि आठवड्यातून एकदाच ताटात आणावी.

"म्हणजे वाण्याचं खातं!" शंतनू म्हणाला. "काकांनी आयुष्यभर डोकं लढवून जे उभं केलं, त्यात तू वाण्याचं खातं घालणार?"

"आणि तू काय करणार? ताट शंभराचं करणार, मग हजाराचं, मग ते पेलायला मोठं मशीन लागणार, ते फक्त तुझ्याकडे असणार. म्हणजे मालक कोण? शंतनूसाहेब!"

"काकांनी बारा आकडा तात्पुरता ठेवला होता."

"काकांनी बारा आकडा विचारपूर्वक ठेवला होता. लहानातल्या लहान घरातल्या लहानातल्या लहान मशीनला झेपावं म्हणून. तत्त्व आहे ते."

"तुला सांगितलं होतं त्यांनी?"

"तुला तरी सांगितलं होतं?"

आशालताबाई वड्यांची परात घेऊन बाहेर आल्या. त्यांनी ती टीपॉयवर ठेवली, चटणीची वाटी शेजारी सरकवली, आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, "बारा मी सांगितले."



"तुम्ही?" शंतनू.

"मग काय तर. दिवेलागणीची वेळ. मी पोळ्या लाटतेय, हे आतून विचारतायत, अगं एका ताटात किती ठेवू, दहा की वीस? दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. म्हटलं, ठेवा बारा आणि जेवायला या, पोळ्या गार होतायत. आले बिचारे. त्यानंतर तो आकडा कुणी बदलला नाही."

अबोली फसकन हसली. यतीनचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता. गेली दोन वर्षं तो लोकांना बाराचं तत्त्वज्ञान समजावून सांगत होता, एकदा तर ऑकलंडला जाऊन त्यावर भाषणही ठोकून आला होता.

"तरी पण," तो सावरून म्हणाला, "अंतःप्रेरणा असते माणसाला."

"असते ना. भुकेची," आशालताबाई म्हणाल्या. "वडे घ्या."

हसण्यावारी गेलं खरं, पण आशालताबाई सकाळपासून मतं मोजत होत्या. ताट मोठं करायचं तर सातपैकी पाच घरांनी हो म्हणायला हवं होतं, हा सुधाकररावांचा दुसरा नियम. शंतनूकडे चार घरं होती. यतीनकडे दोन. सातवं यंत्र इथेच, साइडबोर्डवर, आशालताबाईंनी विणलेल्या क्रोशाच्या रुमालाखाली. सुधाकररावांचा जुना लॅपटॉप. त्या त्याला खोकं म्हणायच्या. हे गेले त्या दिवशीही खोकं चालू होतं, आणि आशालताबाईंनी ते एक दिवस बंद होऊ दिलं नव्हतं. वीज गेली तर आधी त्याला बॅटरी लावायच्या, मग मेणबत्ती शोधायच्या.

आणि शंभराचं ताट आलं की त्याला लागणारं नवं सॉफ्टवेअर काही या खोक्यावर चढणार नव्हतं. शंतनूने उघडून, खाजवून, कुरवाळून, सगळं करून पाहिलं होतं. खोकं म्हातारं झालं होतं.

"काकू, मी तुम्हाला नवीन आणून देतो ना," तो आता समजुतीच्या सुरात म्हणाला. "सेल चालू आहे. हीप्स ऑफ ऑप्शन्स. हे ठेवू कपाटात, आठवण म्हणून."

"हो का? मग काका पण जुनेच होते. तेव्हा का नाही आणून दिलेस सेलमधून नवे?"

बाळासाहेबांना चहाचा ठसका लागला. ते अबोलीशेजारी मफलर गुंडाळून बसले होते, तक्रारदार म्हणून. सभा म्हटली की या माणसाच्या अंगात यायचं. येऊन बसल्यापासून त्यांनी सूचक कोण, अनुमोदक कोण, गणसंख्या पुरी आहे का, असे तीन प्रश्न विचारले होते आणि कुणी दाद दिली नव्हती.

"वहिनी, भावना बाजूला ठेवा," ते ठसका आवरून म्हणाले. "मी उभा होतो. मी! एका खोक्यासाठी माणसं थंडीत उभी राहणार का, एवढाच मुद्दा आहे."

आशालताबाईंना त्या माणसाचा असा राग आला! पण मुद्दा खरा होता.

या सगळ्यांना कसं सांगणार? या खोक्यात सुधाकररावांनी एक गंमत करून ठेवली होती. या घरात वाटी आली की खोकं वाजायचं. टिंग! याच स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या वाटीवर त्यांनी चमचा मारला होता आणि तो आवाज फोनवर घेऊन यात घातला होता. आशालताबाई तेव्हा ओरडल्या होत्या, पोचा पडेल वाटीला. आता सकाळी उठून, चहा ठेवून, त्या मंदाला एक वाटी पाठवायच्या. काम काही नसायचं, उगीच. मंदा लगेच एक परत करायची. टिंग. मग घरात कुणीतरी आहे असं वाटायचं. त्या टिंगशिवाय सकाळी या घरात फक्त फ्रीजचा आवाज होता.

"ठीक आहे," शंतनू म्हणाला. "तत्त्व नको, भावना नको, प्रयोगच करू. आज रविवार, दुपार. ना सण, ना वार. आत्ता मी यतीनला एक वाटी पाठवतो. बघू किती वेळात पोचते."

त्याने फोनवर बोट टेकवलं. सगळे वडे खात वाट पाहू लागले. वडे झकास झाले होते. बाळासाहेबांनी तिसरा उचलला.

थोड्या वेळाने ताट निघालं. खोकं वाजलं. टिंग, टिंग, टिंग, टिंग. यतीनने फोन बघितला. "नाही आली."

"थांब. पुढच्या ताटात येईल."

चहाची दुसरी फेरी झाली. सगळ्यांनी आपापले फोन काढून मांडीवर ठेवले होते, प्रयोगाकडे लक्ष म्हणून. पुढचं ताट निघालं. टिंग, टिंग, टिंग. यतीनने मान हलवली.

"बघा!" शंतनू उठून उभाच राहिला. आपलीच वाटी अडकल्याचा इतका आनंद झालेला माणूस विरळा. "रविवारी दुपारी! भर रविवारी! आता बोला, बारा पुरतात? आता तरी कुणाला शंका आहे?"

"मला आहे," अबोली म्हणाली. "रविवारी दुपारी एवढ्या वाट्या पाठवतंय कोण?"

"तो प्रश्न नाहीये अबोली. प्रश्न क्षमतेचा आहे."

"अरे पण रांगेत आहे काय ते बघूया तरी. बघता येतं ना?"

येत होतं. कधीही येत होतं. फक्त दोन महिने क्षमतेवर भांडताना ते बघावं असं दोघांतल्या एकाच्याही मनात आलं नव्हतं. यतीनने कुरकुरत रांग टीव्हीवर लावली. सगळे वाचू लागले, आणि वाचता वाचता एकेक जण खुर्चीत खाली सरकू लागला.

सानिकाकडून आशालताबाईंना एक. सानिका म्हणजे शंतनूची बायको, त्याच्या शेजारीच बसली होती. आशालताबाईंकडून सानिकाला एक. सानिकाकडून पुन्हा आशालताबाईंना एक. अबोलीकडून आशालताबाईंना एक. आशालताबाईंकडून अबोलीला एक. यतीनकडून आशालताबाईंना एक, आणि शंतनूकडून, खुद्द शंतनूकडून, आशालताबाईंना एक.

"सानिका," शंतनू दबक्या आवाजात म्हणाला, "काय आहे हे?"

"वडे खाल्ले ना आपण," सानिका म्हणाली. "मग तसंच कसं उठायचं? एक वाटी पाठवली काकूंना. तर काकूंनी परत केली. बरं दिसतं का घेणं? मी पुन्हा पाठवली."

"मी कशी ठेवून घेऊ?" आशालताबाई म्हणाल्या. "तुम्ही माझ्या घरी आलात, वड्यांचे काय घ्यायचे तुमच्याकडून? आणि भांडं रिकामं परत करू नये."

"अहो पण काकू, मी दिलेलं..."

"असू दे गं."

"नको नको."

"असू दे म्हटलं ना!"

टिंग, वाजलं खोकं. दोघी एकदम गप्प झाल्या. तिसरं ताट गेलं होतं, आणि शंतनूची वाटी अजून रांगेतच होती.

अबोली हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. पण बाळासाहेब हसत नव्हते. ते मफलर सोडून, हळूहळू, टीव्हीपर्यंत गेले आणि चष्मा कपाळावर चढवून सगळं नीट वाचून आले.

"म्हणजे पाडव्याला मी," त्यांनी एकेक शब्द जागेवर ठेवत विचारलं, "तुमच्या 'नको नको, असू दे'पायी उभा होतो?"

 यतीनने मुकाट्याने पाडव्याच्या दिवसाची ताटं काढली. तिथे बघायला फार वेळ लागला नाही. आशालताबाईंनी सकाळी उठून ओळखीच्या प्रत्येक घराला पाडव्याची एकेक वाटी पाठवली होती. प्रत्येक घराने ती परत केली होती. आशालताबाईंनी प्रत्येकाला पुन्हा पाठवली होती. काही घरांनी तर त्यावरही परत केली होती. असलं शिष्टाचाराचं रामायण दिवसभर चाललं होतं, आणि त्याच्या शेपटाला कुठेतरी, दोन वाट्यांचा, पोरिरुआ स्टेशनचा निरोप.

आशालताबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. त्यांचे कान गरम झाले होते. एवढा वेळ त्या सगळ्यांची गंमत बघत होत्या, आणि गंमत निघाली त्यांचीच.

"मी अडवली वाट," त्या म्हणाल्या.

"तसं नाही काकू, सगळ्यांनीच..." अबोली उठून त्यांच्याजवळ आली.

"सगळ्यांनी परत केल्या. पहिली मी पाठवली. रोज मीच पाठवते. मंदाला विचारा." त्यांचा आवाज जरा कापला, मग त्यांना त्याचाच राग आला आणि त्या ठणकावून म्हणाल्या, "परत येते म्हणून पाठवते. हे खोकं वाजतं. सकाळी उठल्यावर कुणीतरी वाजवावं असं वाटतं, झालं. आता हसा."

कुणी हसलं नाही. यतीन कार्पेटचं डिझाइन बघत बसला. सानिकाने डोळे पुसले.

"तर शंतनू," आशालताबाई म्हणाल्या, "मांड तुझा शंभराचा ठराव. माझं घर पाचवं धर. उद्या कुणी आजारी पडलं आणि माझ्या टिंगटिंगीत त्याचा निरोप अडकला तर मी काय तोंड दाखवू? बंद करा ते खोकं."

आता खरं म्हणजे शंतनू जिंकला होता. दोन महिने ज्यासाठी घसा कोरडा केला ते पाचवं घर त्याला आयतं मिळालं होतं. त्याने तोंड उघडलं, भिंतीवरच्या सुधाकररावांकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं.

"मला नकोय," तो म्हणाला. "म्हणजे असं नकोय."

"हरकत आहे!"

बाळासाहेब हात वर करून उभे होते. इतक्या वेळात पहिल्यांदाच सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडे गेलं, आणि ते त्यांना आवडलेलंही दिसत होतं.

"मूळ ठरावाला उपसूचना मांडतो. ताट आहे तसंच राहील. खोकंही आहे तिथंच राहील. मात्र यापुढं कुणीही, कुणालाही, आलेली वाटी परत पाठवणार नाही. उगीचची वाटीही पाठवणार नाही. कामाची तेवढीच. सूचक मी. अनुमोदक?"

"मी!" शंतनू आणि यतीन एकदम म्हणाले, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा एकमेकांकडे बघून ओशाळं हसले. यतीन इथल्या थाटात म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे एकदम झकास. सगळ्यांनी हात वर केले. खोकं वाचलं होतं. सगळे मोकळेपणाने बोलू लागले, उरलेल्या वड्यांवर तुटून पडले, कुणीतरी सुधाकररावांच्या आठवणी काढल्या.

आशालताबाईंनीही हात वर केला होता. खोकं राहिलं, पण वाजणार मात्र नव्हतं. एवढं साधं त्या खोलीत कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि त्यांनीही ते बोलून दाखवलं नाही. माणसाने एका दिवसात किती रडगाणी गायची?

निघताना त्यांनी अबोलीच्या हातात चटणीची वाटी दिली, तिच्या नवऱ्याला आवडते म्हणून. खरीखुरी, स्टीलची, एका बाजूला पोचा पडलेली.

सोमवारी सकाळी आशालताबाई उठल्या, चहा ठेवला आणि सवयीने फोन हातात घेतला. मंदाचं नाव वरच होतं. एक बोट लावलं की झालं. त्या तशाच उभ्या राहिल्या. चहा उतू गेला. त्यांनी शेगडी पुसली, फोन उपडा ठेवला आणि उरलेला चहा घेऊन बाहेर येऊन बसल्या. क्रोशाच्या रुमालाखाली खोक्याचा पंखा घरघरत होता. ताटं निघत असतील. रिकामी जात असतील एकामागून एक, सगळी जागाच जागा. शंतनूला हवी होती तेवढी क्षमता झाली होती, बाराच्या बारात.

"घ्या, झालं तुमच्या मनासारखं," त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आलं. कुणी बघणारं नव्हतं, तेव्हा त्या मोकळेपणाने रडल्या. रडून झाल्यावर कपबशी विसळली.

दहाच्या सुमाराला दारावर थाप पडली. बेल असताना थापा मारणारा माणूस या देशातला असणं शक्य नव्हतं. आशालताबाईंनी दार उघडलं. दारात बाळासाहेब उभे होते, मफलर, स्वेटर, वर जावयाचं जाकीट, आणि पायात त्याच जँडल्स, मोज्यांवर. हातात रुमालाने झाकलेलं काहीतरी.

"वाटी परत द्यायला आलो," ते म्हणाले. "अबोली ड्युटीवर गेली. म्हटलं आपणच देऊन येऊ. चटणीत मीठ जरा जास्त होतं."

"मग खाल्लीत कशाला?"

"टाकून द्यायची का?"

ते आत आले, कुणी न सांगता स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी रुमाल काढला. वाटीत शिरा होता. शिरा म्हणायचा म्हणून. तुपाचा पत्ता नव्हता आणि गुठळ्या लांबूनच दिसत होत्या.

"मीच केलाय," बाळासाहेब म्हणाले. "ही असताना कधी स्वयंपाकघरात पाय नाही ठेवला, त्यामुळं जमत नाही. पण रिकामी कशी आणायची?"

बोलता बोलता त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली. त्यांच्या हाताचा धक्का लागून आतला चमचा वाटीच्या कडेवर आपटला.

टिंग.

आशालताबाईंनी चटकन मागे वळून साइडबोर्डकडे पाहिलं. खोकं गप्प होतं. मग त्यांनी ओट्यावरच्या वाटीकडे पाहिलं, तिच्या पोच्याकडे पाहिलं, आणि त्यावरून हळूच बोट फिरवलं.

"काय झालं? बसू का मी, का जाऊ?" बाळासाहेबांनी विचारलं. हा माणूस एवढं मऊ बोलू शकतो हे आशालताबाईंना ठाऊक नव्हतं.

"बसा. चहा टाकते."

चहा झाला. शिराही दोघांनी मिळून संपवला. तो वाईटच होता, आणि आशालताबाईंनी तसं तोंडावर सांगितलं, रवा कसा भाजायचा तेही सांगितलं. बाळासाहेबांनी त्यावर वाद घातला. पोरिरुआ स्टेशनची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली, आणि यावेळी डेरीतल्या बाईंनी चहाबरोबर बिस्किटंही दिली होती. मग ते उठले. आशालताबाईंनी वाटी घासली, पुसली, डबा उघडून तिच्यात काठोकाठ चिवडा भरला आणि त्यांच्या हातात दिली.

"आता हे कशाला? मी परत करायला आलो होतो," बाळासाहेब म्हणाले. "असं तर हे संपायचंच नाही. म्हणजे आता मला पुन्हा आणून द्यायला आलं."

"घाई नाही," आशालताबाई म्हणाल्या. "उद्या आणलीत तरी चालेल."